पासावर नसलेले एक ठिकाण

श्रीयुत शालकमहोदय यांस,

आपल्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे आशीर्वाद पोहोचावेत. ते स्वीकारण्याची इच्छा नसेल तर (नसल्यास त्यात मी आपला दोष मानणार नाही) नुसता नमस्कार तरी ठेवून घ्यावा, कारण तो परत पाठवण्याची सोय टपालखात्यात अद्याप झालेली नाही. अकरा वर्षांनी माझे अक्षर पाहून आपण हे पाकीट उघडण्यापूर्वी दोनदा उलटेसुलटे केले असणार आणि सवयीने डोळ्याला भिंगही लावले असणार, हे मी इथे बसून पाहू शकतो. उघडलेत, हे उपकार. आपल्या गुडघ्याची कळ आणि बारीक चक्रे उचलताना उजव्या हाताला येणारा कंप यांविषयी लेकीकडून कळते. (ती दर आठवड्याला मामाशी बोलते हे मला ठाऊक नाही, अशी तिची समजूत आहे, ती तशीच राहू द्यावी. या वयात मुलांच्या समजुती मोडू नयेत.) घड्याळजीच्या हाताला कंप सुटणे म्हणजे पाठकाची जीभ जड होणे, हे मी जाणतो. चिमटा उचलण्यापूर्वी दोन्ही हात घटकाभर कोमट पाण्यात ठेवून पाहावेत. माझी प्रकृती म्हणाल तर दात अकरा, त्यांतील कामाचे सात. झोप चार तास, तीही तुकड्यातुकड्याने. आणि स्मरणशक्ती अशी, की साठ वर्षांपूर्वी पाठ केलेले अध्याय अस्खलित येतात, मात्र चष्मा कपाळावर आहे हे दुसऱ्याने सांगावे लागते.

आता मूळ विषय. (आपण म्हणाल, गृहस्थ इतक्या लवकर मूळ विषयावर आले म्हणजे प्रकृती खरेच बिघडली असावी.) गेल्या वर्षी याच सुमारास आम्ही उभयता लेकीकडे, या जुन्या शहरात, राहावयास आलो. कारण आपल्या ताईचे डोळे. हे तिने आपल्याला सांगितलेले नाही. आपल्या वाढदिवशी ती फोनवर बोलते तेव्हा हवापाण्याच्या पुढे जात नाही, आणि लेकीलाही तिने बजावले आहे की यातले अक्षर मामाला कळता कामा नये, कीव येऊन आलेले माणूस मला नको. तेव्हा मी हे लिहितो आहे तो उघड विश्वासघात आहे, आणि विश्वासघाताला शास्त्रकारांनी जे प्रायश्चित्त सांगितले आहे ते मी पत्र पेटीत पडल्यानंतर घेईन. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वर्तुळ काढले, त्याचा मधला भाग पेन्सिलीने काळा केला आणि समजावले, की मधले हळूहळू जाईल, कडा राहतील. चालता-फिरता येईल, पण वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, एवढे मात्र जाईल. किती दिवसांत, असे मी विचारले. वर्ष, म्हणाल्या, फार तर सव्वा. घरी परतताना मी आत्म्याला पाहण्यासाठी चर्मचक्षूंची गरज नसते या विषयावर बोलत होतो (बराच वेळ बोलत होतो). ती ऐकत होती. जिन्याशी आल्यावर एवढेच म्हणाली, की आत्म्याला नसेल, पण भाजी निवडायला लागते.

लेक नगररचना कार्यालयात नकाशे काढते, त्यामुळे शहरातील कोणती भिंत कोणत्या शतकातली हे तिला आपल्या घरच्या भिंतींपेक्षा अधिक ठाऊक असते. तिने त्याच आठवड्यात आमच्या हाती एक पास ठेवला: दोघांचा, वर्षभराचा, दोघांची छायाचित्रे चिकटवलेला. (माझ्या छायाचित्रात मी कोणाला तरी शाप देतो आहे असे दिसते; वास्तविक मी शिंक आवरत होतो.) पासावर शहरातील बावीस प्रेक्षणीय स्थळे बारीक अक्षरात छापलेली. शिवाय तिने स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता डकवला, की थंडीत संग्रहालये, कारण दालने उबदार असतात. झाडे फुलली की राजवाड्याची बाग. उन्हाळ्यात तटाखालच्या पटांगणात सायंकाळचे संगीत. पाने गळू लागली की वर्षातून एकदाच उघडणाऱ्या वास्तू. मी विरोध केला. इंद्रिये मुळातच उधळलेली असतात आणि त्यांना पास काढून शहरभर फिरवणे हा ती आवरण्याचा मार्ग नव्हे, हे मी साधार मांडले. पूर्वपक्षही मीच मांडला, कारण समोरून तो कोणी मांडीना. आपली ताई गच्चीत चादरी वाळत घालत होती. हातातली चादर झटकून ती म्हणाली:

"तुम्ही पन्नास वर्षं डोळे मिटून बसलात, मी कधी काही म्हटलं नाही. आता मला वर्षभर उघडे ठेवायचेत. चला म्हटलं की चला."

या वचनावर भाष्य संभवत नाही. मी छत्री घेतली आणि निघालो.

माझ्या वाट्याला काम आले ते पाट्या वाचण्याचे. प्रत्येक वस्तूखाली, चित्राशेजारी, तुटक्या खांबाजवळ एक लहानशी पाटी असते, तिच्यावर अक्षरे मुंगीएवढी असतात, आणि ती आपल्या ताईला पहिल्या दिवसापासूनच दिसत नव्हती. ती मी मोठ्याने वाचावीत असे ठरले. आता पन्नास वर्षे ज्याने मूळ ओळ वाचून तिचा अन्वय, मग अर्थ, मग मतभेद, मग स्वमत असा क्रम पाळला, त्याने 'मातीचा घडा, दक्षिण दरवाज्याजवळ सापडला' एवढे वाचून पुढच्या घड्याकडे जावे ही अपेक्षा करणाराने मला ओळखलेले नाही. मी घड्याच्या निमित्ताने माती, देह, नश्वरता आणि कुंभार या चारही अंगांनी बोलत असे. दुसऱ्या आठवड्यात मागे वळून पाहतो तो सात-आठ अनोळखी माणसे वह्या काढून उभी. त्यांनी मला संग्रहालयाचा माणूस समजून तीन दालने माझ्या मागोमाग पार केली होती, आणि त्यांचा खरा वाटाड्या कोपऱ्यात एकटाच उभा राहून माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की ती नजर पासावरील माझ्या छायाचित्राला शोभली असती. ताईने माझा कोपर धरून मला बाजूला घेतले आणि पाटीवर आहे तेवढेच वाचण्याची आज्ञा केली. तिने स्वतः मात्र चित्रे पाहण्यात विलक्षण प्रगती केली आहे. ती आता चित्रासमोर सरळ उभी राहत नाही, मान किंचित तिरकी करून, जणू शेजारच्या भिंतीकडे पाहत आहे असे, फार वेळ उभी राहते. मी चौकशी केली तेव्हा कळले की जाणकार लोक असेच पाहतात.

(इथे जुन्या ग्रंथालयातील प्रसंग सांगणे आवश्यक आहे, जरी तो माझ्या प्रतिष्ठेला पोषक नाही.) तिथे काचेच्या पेटीत एक जुने हस्तलिखित उघडून ठेवले आहे, सोनेरी वेलबुट्टीचे, अक्षर मोत्यासारखे. आणि ते पान उलटे ठेवलेले. खाली डोके, वर पाय. मी तेथील अधिकाऱ्याला विनयपूर्वक सांगितले. त्याने तितक्याच विनयाने सांगितले की ते सोळा वर्षे असेच आहे आणि आजवर कोणाची तक्रार नाही. ताई म्हणाली, राहू दे, जाऊ. परंतु ती अक्षरे तिच्या डोळ्यांदेखत तिथे असावीत आणि ती तिला वाचून न दाखवता मी निघावे, हे मला जमेना. मी कंबरेत वाकलो, मान डाव्या खांद्याच्याही खाली नेली आणि पानाच्या अकरा ओळी तिला खड्या आवाजात वाचून दाखवल्या. बाराव्या ओळीला मान अडकली. ती कोणत्याही दिशेने परत येईना. मला त्याच अवस्थेत, म्हणजे आकाशाकडे एक कान आणि जमिनीकडे एक, असे चालवत घरी आणण्यात आले, आणि नऊ दिवस मी गळ्यात पट्टा बांधून जगाकडे तिरका पाहत होतो. (पुरुषाने निदान नऊ दिवस जग तिरके पाहावे, बरेच कळते.) दहाव्या दिवशी ग्रंथालयाचे पत्र आले, की पान सरळ केले आहे आणि उलटे असताना ज्याने वाचले त्या वाचकास संस्थेचा नमस्कार. पत्र लेकीने चौकटीत बसवले. मी अशा गोष्टींना महत्त्व देत नाही. चौकट माझ्या खोलीत दाराशेजारी आहे, आल्याबरोबर दिसते.

मुख्य संग्रहालयात निराळीच अडचण उभी राहिली. तिथे जमिनीवर बाण रंगवले आहेत आणि ते डावीकडून जायला लावतात. आपणास ठाऊक आहे, जी वस्तू आदराने पाहायची ती उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरावे, हा माझा जन्माचा नेम. रंगाऱ्याच्या बाणासाठी तो मोडण्याचे मला कारण दिसेना. मी ताईला घेऊन उलट बाजूने शिरलो. परिणाम असा झाला की समोरून येणारी शे-सव्वाशे माणसे आमच्या अंगावर येऊ लागली, आणि इतिहासही. राजा आधी निधन पावला, मग आजारी पडला, मग त्याने हरलेल्या लढाया जिंकण्यापूर्वीच्या अवस्थेत नेल्या, मग तो तरुण झाला, राज्याभिषेक उतरवून ठेवला, घोड्यावरून पडणे शिकला आणि अखेरच्या दालनात पाळण्यात जाऊन झोपला. मला तो सारा प्रकार शास्त्रसंमत पण क्लेशकारक वाटला. ताई मात्र पाळण्याशी हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, की तिने ऐकलेल्या इतिहासांत सुखान्त असलेला हा पहिलाच. पुढे त्या दालनाच्या रखवालदारांनी तडजोड काढली, आणि पहाटे नव्हे पण दार उघडताच पहिली अर्धी घटिका, गर्दी आत येण्यापूर्वी, आम्हाला उलटे फिरू देतात. असे आम्ही हिवाळाभर फिरलो, आणि अजूनही अधूनमधून फिरतो. मला त्या राजाचा लळा लागला, हे मी केवळ आपल्यापाशी कबूल करतो.

उन्हाळ्यातील संगीताविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. मी तिथे डोळे मिटून चिंतन करीत असे. आपली ताई म्हणते की चिंतनाला आवाज होता आणि तो वाद्यांच्या पट्टीत नव्हता. (वाद आहे.) परंतु पाने गळू लागल्यावरचा एक प्रसंग आपल्या व्यवसायाशी संबंधित असल्याने लिहितो. घड्याळाचा मनोरा वर्षातून एक दिवस उघडतात. पायऱ्या दोनशे चौदा. एकशे चाळिसाव्या पायरीवर मी मुक्तीच्या पायऱ्यांविषयी बोलण्याच्या निमित्ताने बसून घेतले. आपली ताई कठड्याला हात घासत सरळ वर गेली. मी मागाहून पोहोचलो तेव्हा वर घड्याळाची देखभाल करणारे गृहस्थ प्रचंड चक्रे दाखवीत होते, आणि चक्राच्या एका दात्याविषयी त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी सर्वांसमोर म्हणालो, की माझे मेहुणे हेच काम याच्या शंभराव्या भागाएवढ्या आकारात करतात, डोळ्याला भिंग लावून, आणि त्यांनी लावलेले घड्याळ मी तरी मागे पडलेले पाहिले नाही. हे बोलून झाल्यावर मला कळले की मी काय बोललो. अकरा वर्षांत माझ्या तोंडून आपला उल्लेख झाला तो हा पहिला.  उतरताना ताईने कठडा धरला नाही, माझा दंड धरला, दोनशे चौदा पायऱ्या.

आता ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला ते. गेल्या महिन्यात आम्ही नदीकाठच्या लहान संग्रहालयात गेलो. तिथे एका अंधाऱ्या खोलीत शहराचा मोठा पूल कसा बांधला यावर अकरा मिनिटांचा चित्रपट दाखवतात. खोलीत चार बाके, येणारा येतो, जाणारा जातो. ताईला शेजारच्या दालनात खिडकीपाशी बसवून, दोन मिनिटांत येतो असे सांगून मी आत गेलो. तेव्हा खांब पाण्यात उतरवत होते, म्हणजे आरंभ हुकला होता. म्हणून आरंभाची वाट पाहणे आले. आरंभ आला तो असा, की शेवटी धुक्यातली नदी दाखवली आणि लगेच धुक्यातल्या नदीपासूनच पुढे सुरू झाले. समाप्तीची अक्षरे नाहीत, विराम नाही, कोणी हात जोडले नाहीत. आता माझा नेम आपण सोडून दुसऱ्या कोणाला सांगायला हवा. पन्नास वर्षांत मी कोणत्याही वाचनातून समाप्तीचे शब्द उच्चारले जाण्यापूर्वी उठलो नाही, आणि (हे आपण जाणताच) दुसऱ्याला उठू दिले नाही. मी बसलो. प्रत्येक खेपेला वाटे, या वेळी म्हणतील. चौथ्या मिनिटाला एक खांब कोसळे आणि त्याखाली गेलेल्या कामगारांची नावे एकेक करून वर सरकत. अकराव्या मिनिटाला धुके येई. आणि पुन्हा खांब. सातव्या खेपेपर्यंत मला नावे पाठ झाली. बाराव्या खेपेला मला हा संसाराचाच दृष्टान्त वाटू लागला. एकोणिसाव्या खेपेला दालनाची रखवालदारीण आत आली आणि बंद करायची वेळ झाली म्हणून सांगू लागली. मी म्हणालो, समाप्ती झाली की उठतो. कसली समाप्ती, असे तिने विचारले. याची, मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, पडद्याकडे मात्र पाठ केली (नावे सुरू झाली होती), आणि दिवसभर उभी राहिलेली ती बाई माझ्या बाकाच्या टोकाशी टेकली.

"याला शेवट नाहीये, आजोबा. नुसतं फिरत राहतं. ज्याला जेव्हा पुरे होतं, तो तेव्हा उठतो."

मी विचारले, की तिने किती वेळा पाहिला असेल.

"एकदाही नाही. नऊ वर्षं आहे इथे. त्या नावांत माझे आजोबा आहेत. खांब पडायला लागला की मी बाहेर जाते." मग म्हणाली, "त्यात त्यांचा अपमान होतो का हो?"

मेहुणेसाहेब, मला साऱ्या शास्त्रांतून त्या प्रश्नाचे उत्तर देता आले असते, आणि जे आले असते ते मी अकरा वर्षांपूर्वी एकदा दिले होते. आपल्या मातोश्री गेल्यानंतर मी सात दिवसांचे वाचन मांडले होते. तिसऱ्या दिवशी, आई आणि मूल यांचा तो अध्याय चालू असताना आपण उठलात. मी वाचन थांबवले, आणि भरल्या घरात, आसनावरून, जे बोललो ते इथे पुन्हा लिहितो, कारण प्रायश्चित्तात पाप स्पष्ट उच्चारावे लागते. मी म्हणालो, ज्याला आईसाठी सात दिवस बसवत नाही त्याने डोळे पुसण्याचे नाटक करू नये. आपण बाहेर गेलात आणि पुन्हा आला नाहीत. मी उरलेले चार दिवस एक अक्षर न गाळता पुरे केले, आणि समाधान मानले. त्या खोलीत, त्या बाईच्या शेजारी बसल्यावर मला प्रथमच सुचले, की त्या साऱ्या घरात तो अध्याय खरोखर ऐकत असलेला मनुष्य एकच होता, आणि तोच उठून गेला.

मी तिला म्हणालो, होत नाही. आणि उठलो. खिडकीपाशी ताई साडेतीन तास बसून होती. मी क्षमा मागणार तोच ती म्हणाली, "मला वाटलं, शेवटी तुम्हाला काहीतरी बघावंसं वाटलं." वाटेत मी तिला काहीच सांगितले नाही. सांगायचे ते आपल्याला आहे, तिला नव्हे, एवढे कळण्याइतकी बुद्धी अजून शाबूत आहे.

असो. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की लेकीच्या बैठकीतील भिंतीवरचे घड्याळ रोज सात मिनिटे मागे पडते. लंबकाचा दोष असावा की किल्लीचा, याविषयी आपले मत सवडीने कळवावे. आपल्या हाताला आराम पडो, गुडघा जिने विसरो, आणि दुकानातील सारी घड्याळे एकाच वेळी खरे बोलोत, ही परमेश्वरापाशी प्रार्थना. शब्दांत न्यून असेल ते माझे, स्नेहात असेल तेही माझेच.

आपला,
(पूर्वी होतो तो)
थोरल्या बहिणीचा यजमान

ता. क. घड्याळ ठीक आहे. ते मागे पडत नाही. वाक्य खोडून पुन्हा लिहायला पाहिजे होते, पण पत्र पाचव्यांदा उतरवून काढण्याची ताकद नाही. विचारायचे ते असे. मोठ्या चित्रदालनाच्या शेवटच्या भिंतीवर एक सामान्य चित्र आहे. पाटीवर चारच शब्द, 'अनोळखी गृहस्थ, चित्रकार अज्ञात', म्हणजे मला बोलण्यास वावच नाही. आपली ताई वर्षात तिथे नऊ वेळा गेली आणि प्रत्येक वेळी इतर सर्व दालनांपेक्षा अधिक काळ उभी राहिली. मला कंटाळा येत असे. परवा मी तिला विचारले, की यात आहे काय. ती म्हणाली, कान बघा. मी पाहिले. पुढे आलेले, जरा मोठे, आणि ओठ असे, की गृहस्थ गुणगुणत असावेत. पासावरील बावीस स्थळे तिची पाहून झाली. जे राहिले ते पासावर छापलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेले वर्ष या महिनाअखेर भरते. आपण यावे. मी विनंती करतो, आणि आयुष्यात मी विनंती कोणाला केली नाही याचे आपण साक्षीदार आहात. माझे तोंड पाहणे नको असेल तर मी चार दिवस अन्यत्र राहीन, नदीकाठच्या संग्रहालयात माझी ओळख आहे.

आ. ता. क. शक्यतो सकाळच्या वेळी पोहोचावे, तिच्या डोळ्यांना सकाळचा उजेड अनुकूल असतो. पासावर तिसरे माणूस चालत नाही, तेव्हा माझ्या जागी आपण तिच्याबरोबर जावे. छायाचित्र जुळणार नाही. रखवालदारांनी अडवल्यास 'उलट्या आजोबांचा मेहुणा' असे सांगावे, म्हणजे सोडतील. (मला या नावाने ओळखतात असे कानावर आहे. मी चौकशी केलेली नाही.) मी हे लिहिले हे ताईला कळता कामा नये.

भुंग्या, मी ताई. अक्षर लेकीचं आहे, बोलणं माझं. यांनी पत्र टाकायला म्हणून तिच्याकडे दिलं, तिने आधी मला वाचून दाखवलं, पाऊण तास लागला. सगळं खरं लिहिलंय, फक्त यांना वाटतं की ते मला शहर दाखवतायत. चित्रं उन्हाळ्याच्या आधीच गेली रे. डॉक्टरीणबाईंनी वर्ष म्हटलं, पण डोळ्यांनी घाई केली. मी बोलले नाही. बोलले असते तर हे घरी बसले असते आणि पुन्हा डोळे मिटले असते. आता रोज माझ्याआधी तयार होऊन बूट घालून दाराशी उभे असतात. त्या राजाचं काल काय झालं हे जेवताना जावयाला सांगतात. तेव्हा माझं चाललंय ते चालू दे, यांना काही सांगू नकोस.

त्या गृहस्थाचे कान तुझ्यासारखे मुळीच नाहीत म्हणे, लेकीने नीट बघून सांगितलं. मला त्या चौकटीच्या नुसत्या कडा दिसतात, मध्ये काही नसतं. तिथे मी तुला बसवते. म्हणून उभी राहते.

तर ये. कीव आली म्हणून आलास तरी चालेल, मी आता तेवढी मानी राहिले नाही. सकाळी ये नाहीतर दुपारी ये, मला सगळं सारखंच. आलास की हे माफी मागतील. न्हाणीघरात घोकत असतात ते ऐकू येतं. बरंच लांबलचक आहे, मधे मधे दाखले आहेत. तेवढं ऐकून घे. मग आपण दोघं बोलू.